फॉर्म भरण्याआधीचे पंधरा दिवस



यंदा दिवाळीच्या सुट्टीत माझा मुलगा भिलाईला घरी आला आणि बॅग खाली ठेवायच्या आत त्याने विचारले, "बाबा, मी एनडीएच्या मागे लागू की जेईई करून कॉम्प्युटर घेऊ? हाउसमधली अर्धी मुलं म्हणतात, आता प्रोग्रामिंगशिवाय भविष्य नाही. उरलेली म्हणतात, ते सगळं आता एआयच करणार. तुम्ही तर हेच काम करता. तुम्ही सांगा."

तो आपल्याच शाळेत अकरावीत आहे. मी बावीस वर्षे प्रोग्रामिंग करतो आहे. असे असूनही मला लगेच उत्तर देता आले नाही. प्रोग्रामिंगला 'स्कोप' आहे का, हे मी सांगू शकलो असतो. पण ते त्याच्यासाठी आहे का, हे मला माहीत नव्हते आणि त्यालाही नव्हते. हाच प्रश्न आज अनेक कॅडेटांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मनात असणार, म्हणून हा लेख लिहीत आहे.

आधी हा प्रश्न आमच्या गावात कसा सोडवला जातो ते सांगतो. भिलाई हे पोलादाचे गाव. सोव्हिएत संघाच्या मदतीने येथे कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. माझे वडील गोंदियाकडून नोकरीसाठी येथे आले आणि रेल मिलमध्ये लागले. त्यांच्या पिढीला करिअर निवडायचे नव्हते. प्लांटमध्ये नोकरी लागली की प्रश्न मिटत असे. आमच्या पिढीपासून चित्र बदलले. सेक्टरांतली मुले सिव्हिक सेंटरच्या आसपासच्या कोचिंग क्लासांना जाऊ लागली आणि भिलाई जेईईच्या निकालांसाठी ओळखली जाऊ लागली. २०१६ मध्ये भिलाईच्या नावाची आयआयटी सुरू झाली. आज कुटेलाभाटा येथे तिचा स्वतःचा परिसर आहे. त्यामुळे आमच्याकडे दहावीनंतर पोराला काय आवडते हे कोणी फारसे विचारत नाही. किती मार्क पडले आणि त्यात कोणती ब्रँच मिळेल, एवढेच विचारतात. कॉम्प्युटर मिळाले तर पेढे, नाही मिळाले तर "दुसरं काही बघू."

मीही असाच कॉम्प्युटरला गेलो. खरे सांगायचे तर मला फौजेत जायचे होते. एसएसबीला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा कॉन्फरन्सनंतर परत आलो. घरी आलो तेव्हा इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू होते. शेजारच्या मुलाने कॉम्प्युटर घेतले म्हणून मीही घेतले. माझी निवड ती एवढीच. पहिली दोन वर्षे मी हा विषय परीक्षेपुरता केला. तो मला आवडतो की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

तो प्रश्न मला एका रात्रपाळीने विचारला.

नोकरीचे पहिलेच वर्ष होते. औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपसाठी मी हजेरी आणि पगाराचा प्रोग्राम लिहिला. कामगार आत आला ती वेळ, बाहेर गेला ती वेळ, बाहेर जाण्याच्या वेळेतून आत येण्याची वेळ वजा करायची, तास मिळतील आणि त्यांना दराने गुणायचे. सकाळी ६ ला आलेला माणूस दुपारी २ ला गेला तर १४ वजा ६, म्हणजे ८ तास. दुपारपाळीचे २२ वजा १४, तेही ८ तास. मी तपासून पाहिले, चालले, देऊन टाकले. दिवाळीच्या आधीचा पगार त्या प्रोग्रामवर निघाला. रात्रपाळीचा माणूस रात्री १० ला आत येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला बाहेर पडतो. ६ वजा २२. माझ्या प्रोग्रामच्या हिशेबाने त्याने उणे १६ तास काम केले होते. तारीख बदलते, हे मी प्रोग्रामला सांगितलेच नव्हते. रात्रपाळी केलेल्या प्रत्येक माणसाचा पगार त्या महिन्यात कमी निघाला.

मालकाने फोन करून झापले ते झापलेच. पण घरी वडील जे बोलले ते जास्त लागले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, तू लहान असताना मी रात्री दहाला घरातून निघत होतो आणि सकाळी तुला शाळेत जाताना भेटत होतो. इतकी वर्षं पाहिलंस ना? मग हे तुझ्या लक्षात कसं नाही आलं?"

मी काही बोललो नाही. त्या रात्री जेवण झाल्यावर बसलो. आधी चूक कुठे आहे ते सापडले, मग ती कशी सुधारायची ते सुचले, मग मनात आले की रात्री बाराच्या ठोक्याला कोणी बाहेर पडला तर? कोणी डबल ड्यूटी करून सोळा तासांनी बाहेर पडला तर? बाहेर जाताना कार्ड दाखवायचे कोणी विसरला तर? एकेक शक्यता कागदावर लिहिली आणि एकेक करून तपासली. पहाटे चार वाजले तेव्हा माझ्या लक्षात आले की मला झोप आलेली नाही आणि मला हे काम सोडावेसे वाटत नाही. लाज वाटत होती, आणि तरीही त्या चुकीच्या मागे जाण्यात मन रमले होते. दोन्ही एकाच वेळी. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाऊन ज्यांचे पैसे अडले होते त्यांच्यासमोर उभा राहिलो, चूक माझी होती असे सांगितले आणि दिवाळीच्या आधी फरक मिळेल अशी व्यवस्था झाली.

त्या रात्री मला कळले की हे काम माझे आहे. प्रवेश घेतल्यावर पाच वर्षांनी कळले. तुम्हाला इतका उशीर होऊ नये, एवढ्यासाठी हे सारे सांगतो आहे.

माझे मत असे. प्रोग्रामिंग कोणासाठी आहे हे प्रोग्राम चालतो तेव्हा समजत नाही, तो चालत नाही तेव्हा समजते. चालणारा प्रोग्राम सगळ्यांनाच आवडतो. पडद्यावर आपले नाव उमटले की पाचवीतला मुलगाही टाळ्या वाजवतो. पण या व्यवसायातला मोठा वेळ न चालणाऱ्या गोष्टीसमोर बसण्यात जातो. यंत्र थकलेले नसते, रुसलेले नसते, त्याला आपले तोंड पाहून दया येत नाही. आपण जे सांगितले तेच ते करते, आपल्या मनात काय होते ते नाही. म्हणजे बहुतेक वेळा चूक आपलीच असते. ती मान्य करायची, चिडायचे नाही, पुन्हा पहिल्यापासून बघायचे, आणि हे दिवसातून दहा वेळा करायचे. ज्याला हे जमते, आणि जमतेच नव्हे तर त्यात थोडी गोडीही वाटते, त्याने या वाटेने जावे. ज्याला ते नकोसे होते त्याच्यात काही कमी आहे असे मुळीच नाही. त्याची वाट दुसरी आहे, इतकेच.

आता या कामात चुकीची किंमत काय असते, तेही कॅडेटांना माहीत असावे. २५ फेब्रुवारी १९९१ ची गोष्ट. आखाती युद्ध चालू होते. सौदी अरेबियातल्या धाहरान येथे अमेरिकी सैन्याच्या रक्षणासाठी पॅट्रियट क्षेपणास्त्रांची तुकडी तैनात होती. त्या रात्री इराकचे स्कड क्षेपणास्त्र आले, पॅट्रियट सुटलेच नाही आणि बराकीवर स्कड पडून २८ सैनिक ठार झाले. पुढे चौकशीत कारण निघाले ते असे. पॅट्रियटचा संगणक वेळ मोजत होता सेकंदाच्या दहाव्या भागांत. आपल्या दशमान पद्धतीत एक भागिले तीन लिहायला गेले की ०.३३३ असे लांबतच जाते, कुठेतरी तोडावे लागते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश या संख्येचे तसेच होते. तेथे ती २४ बिटांवर तोडली होती. एका वेळी होणारी चूक इतकी बारीक की हिशेबात धरू नये. पण ती यंत्रणा १०० तासांहून अधिक काळ बंद न करता चालू होती. साठत साठत ती चूक सुमारे ०.३४ सेकंद झाली. स्कडचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त. म्हणजे रडार आकाशात जिथे पाहत होते तिथून क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक दूर होते.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट पुढे आहे. वेळेत फरक पडतो आहे, हे इस्रायलच्या सैन्याने दोन आठवडे आधीच कळवले होते. यंत्रणा फार वेळ सलग चालवू नका, असा निरोपही तुकड्यांना गेला होता. पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे त्यात लिहिले नव्हते. सुधारलेला प्रोग्राम धाहरानला पोहोचला तो २६ फेब्रुवारीला, हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी हा प्रसंग घाबरवण्यासाठी सांगत नाही. माझ्या प्रोग्राममुळे काही घरांची दिवाळी अडत होती, त्या प्रोग्राममुळे माणसे गेली. दोन्हीकडे चूक लिहिणारा आळशी नव्हता. "हे शंभर तास सलग चाललं तर काय होईल?", "माणूस रात्री आत आला तर काय होईल?" हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही. ज्याच्या मनात असे प्रश्न आपोआप येतात, तो चांगला प्रोग्रामर होतो. आणि ज्याला 'फार वेळ' न लिहिता 'इतके तास' असे नेमके लिहिता येते, तोही. रिपोर्ट नेमका लिहा म्हणून आपले उस्ताद तुमच्या मागे लागतात, त्याचा अर्थ येथे कळतो.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. मी त्याला म्हणालो, "सुट्टीचे पंधरा दिवस आहेत. कोणाला विचारत बसू नकोस. करून बघ." अकरावीच्या संगणकशास्त्राच्या पुस्तकात पायथन आहेच. ती भाषा फुकट मिळते आणि साध्या कॉम्प्युटरवर चालते. अट एकच घातली, की स्वतःच्या रोजच्या जगण्यातले एखादे काम घ्यायचे. व्हिडिओ बघून त्यात दाखवलेला गेम उतरवून काढायचा नाही. उतरवून काढण्यात चूक दुसऱ्याने आधीच सोडवलेली असते, मग आपली परीक्षा होत नाही.

त्याने हाउसची मेस ड्यूटीची यादी घेतली. हाउसमध्ये ४८ कॅडेट, रोज चौघांची ड्यूटी. लागोपाठ दोन दिवस एकाला ड्यूटी नको, मॅच असलेल्यांना त्या दिवशी सूट, आजारी असेल त्याची पाळी पुढे ढकलायची. ऐकायला सोपे. पहिल्या चार दिवसांत त्याने प्रोग्राम उभा केला. यादी छापली आणि सोफ्यावर उडी मारली. मग मी सांगितले, "नावं मोज." मोजली तर ४७ भरली. एक कॅडेट महिनाभर ड्यूटीतून सुटला होता.

चार तास तो शोधत होता. अर्धा वेळ कॉम्प्युटरला बोल लावण्यात गेला. मी मुद्दाम सांगितले नाही. शेवटी सापडले, हाउसमध्ये एकाच नावाचे दोघे आहेत. त्याने प्रत्येक मुलाची नोंद नावावर ठेवली होती, त्यामुळे दुसऱ्याची नोंद पहिल्याच्या जागी जाऊन बसली आणि पहिला पुसला गेला. नोंद रोल नंबरवर ठेवायला हवी होती. शाळेत रोल नंबर का असतो, हे त्याला त्या दिवशी समजले. त्याचे आजोबा व्हरांड्यातून म्हणाले, "यादीतून सुटलेल्या पोराला विचार, तो म्हणेल प्रोग्राम एकदम बरोबर आहे."

त्याच सुट्टीत माझी भाची दुर्गहून आली होती. तीही अकरावीत. तिला हा खेळ आवडला. तिने त्याचा प्रोग्राम घेतला आणि त्यात नव्या अडचणी घालू लागली. महिन्याच्या मधेच नवा कॅडेट आला तर? सगळी फुटबॉल टीम बाहेरगावी गेली तर? तिला जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

पंधराव्या दिवशी मी मुलाला विचारले, "चूक सापडली तेव्हा कसं वाटलं?" तो म्हणाला, "सुटलो असं वाटलं, बाबा. ते चार तास परत नकोत." मग थोडा विचार करून म्हणाला, "पण यादी कशी असावी म्हणून मी मुलांना फोन केले ना, कोणाला कोणती ड्यूटी अन्यायाची वाटते, ते ऐकायला मजा आली." भाचीला हेच विचारले तर ती म्हणाली, "एक सापडली ना मामा, की पुढची कुठे लपली असेल असं वाटत राहतं."

माझ्या दृष्टीने दोघांची उत्तरे मिळाली. मुलाचे मन माणसांत आहे, माणसांना कामाला लावण्यात आहे. त्याने एनडीएची तयारी करायची ठरवले. खरे सांगतो, मला आतून थोडे वाईट वाटले. आपले काम मुलाने पुढे न्यावे असे कोणत्या बापाला वाटत नाही? पण मी जे पाच वर्षांनी शिकलो ते तो पंधरा दिवसांत शिकला, याचा आनंद त्याहून मोठा आहे. आणि तो प्रोग्रामिंगला घाबरून गेलेला नाही, करून बघून गेला आहे. या दोन्हींत फार फरक आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गणवेश की संगणक, असा सामना नाहीच. एनडीएमध्ये कॅडेटांना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते आणि त्यात संगणकशास्त्राची बी.एस्सी.सुद्धा आहे. भूदलाची बारावीनंतरची टेक्निकल एंट्री स्कीम आहे. त्यात भौतिक, रसायन आणि गणित विषय घेऊन इंजिनिअर अधिकारी होता येते. १९११ मध्ये स्थापन झालेल्या सिग्नल्स कोअरचे अधिकारी महू येथील मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये शिकतात. नौदल माहिती तंत्रज्ञानासाठी वेगळे अधिकारी घेते. पात्रता त्या त्या वेळच्या जाहिरातीत नीट वाचावी.

दोन्ही एकत्र केल्याचे मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकी नौदलाच्या ग्रेस हॉपर. त्या गणित शिकवत होत्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. वजन नियमापेक्षा कमी म्हणून खास सूट घ्यावी लागली. हार्वर्डच्या मार्क १ संगणकावर त्यांनी काम केले. माणसाला समजेल अशा खुणांनी लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत बदलून देणारा कंपायलर १९५२ मध्ये बनवणाऱ्या पहिल्या लोकांत त्या होत्या. १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या.

आपल्याकडेही उदाहरण आहे, आणि ते आमच्या विदर्भाचे. डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. परदेशातून महासंगणक मिळण्यात अडथळे आले तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. गणवेश न घालताही देशाचे काम होते, हे त्यातून शिकावे.

आता चुकीच्या कारणांविषयी. पगार चांगला म्हणून प्रोग्रामिंग घेऊ नका. पगार महिन्यातून एकदा येतो, चुका रोज येतात. गेम खेळायला आवडतात म्हणून घेऊ नका. क्रिकेट बघायला आवडणे आणि भर उन्हात नेट प्रॅक्टिस करणे वेगळे, तसेच हे. एसएसबीतून परत आलो म्हणून लपायला जागा पाहिजे, यासाठी तर अजिबात घेऊ नका. ही चूक मी केली आहे. माझे नशीब चांगले की पुढे मन रमले. माझ्या वर्गातल्या काहींचे नाही रमले आणि ते चाळिशीतही रविवारी संध्याकाळी उदास होतात.

चुकीच्या कारणांनी नाकारूही नका. इंग्रजी कच्चे आहे म्हणून मागे हटू नका. पायथनमध्ये राखीव शब्द चाळीसच्याही आत आहेत. बाकीचे वाचन सरावाने जमते. गणितात शंभरपैकी शंभर नाहीत म्हणूनही नाही. बहुतेक रोजच्या कामाला अवघड गणितापेक्षा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नीट जाणे लागते. जीटीओच्या मैदानावर फळी, दोर आणि ड्रम घेऊन लाल रंगाला हात न लावता पलीकडे जायचे असते ना, तसाच विचार येथेही लागतो. फळी आखूड पडली की पुन्हा मागे येऊन नवा बेत करायचा.

आणि कामाची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. दिवसाचे आठ-दहा तास खुर्ची. पाठ आणि डोळे सांभाळावे लागतात. पहाटे दोनला फोन येतो की सिस्टीम बंद पडली, तेव्हा उठावेच लागते. दर काही वर्षांनी शिकलेले जुने होते आणि पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. कंपनीचे काम कमी झाले की चांगल्या माणसाचीही नोकरी जाते. हे मी माझ्या मित्रांच्या घरी पाहिले आहे.

राहिला एआयचा मुद्दा. मुलाच्या हाउसमधली मुले म्हणतात त्यात तथ्य आहे. साधा प्रोग्राम आता यंत्र क्षणात लिहून देते, मीही रोज ते वापरतो. नुसते टाइप करण्यापुरते प्रोग्रामिंग येणाऱ्याला पुढचे दिवस कठीण आहेत. पण यंत्राने लिहिलेले बरोबर आहे का, हे कोणीतरी वाचून ठरवावे लागते. माझे वडील रेल मिलमध्ये तपासणीवर होते. तयार झालेल्या रुळावरून नजर फिरवायची, पट्टी लावून सरळपणा पाहायचा, दोष दिसला की खडूने खूण करायची. पुढे यंत्रे आली, ध्वनिलहरींनी रुळाच्या आतली भेगही दिसू लागली. पण रूळ पास झाला असे म्हणण्याची जबाबदारी कोणातरी माणसाने घेतलीच. त्या रुळावरून गाडी जाणार आणि गाडीत माणसे बसणार. प्रोग्रामिंगचे पुढचे दिवस मला तसे दिसतात. लिहिणे हलके होईल, तपासणे आणि जबाबदारी घेणे जड होईल. ज्याला चुकीच्या मागे जाण्याची गोडी आहे, त्याला काम राहील असे मला वाटते.

म्हणून कॅडेट मित्रांनो, कोणताही फॉर्म भरण्याआधी पंधरा दिवस काढा. आपल्या रोजच्या जीवनातले एक छोटे काम घ्या. फिजिकलचे गुण, लायब्ररीची पुस्तके, हाउसच्या मॅचचे निकाल, काहीही. प्रोग्राम लिहा. जवळ वही ठेवा आणि कुठे अडलो, किती वेळ अडलो, तेव्हा काय केले, हे रोज रात्री दोन ओळींत लिहा. मग तो प्रोग्राम मित्राच्या हाती द्या आणि गप्प बसून बघा. तो हमखास तुम्हाला न सुचलेले काहीतरी दाबेल. तुम्हाला त्याचा राग येतो की कुतूहल वाटते, ते पाहा. तीन आठवड्यांनी पुन्हा उघडून त्यात एक बदल करा. स्वतःचेच लिहिलेले वाचता येते का आणि वाचावेसे वाटते का, ते पाहा. शेवटी वही वाचा. उत्तर त्या वहीत असेल.

शिक्षकांना विनंती, की लॅबमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला गुण देता तसेच कधी चूक कशी शोधली यालाही द्यावेत. पालकांना विनंती, की शेजारच्या मुलाचे पॅकेज जेवणाच्या ताटावर आणू नये. आपल्या मुलाला नापास करणारी परीक्षा ही नाही. ही त्याला त्याची वाट दाखवणारी आहे, मग ती खडकवासल्याला जावो, कुटेलाभाट्याला जावो की आणखी कुठे.

माझा मुलगा सुट्टी संपवून परत आला आहे. मेस ड्यूटीची यादी हाउसमध्ये लावली आहे असे त्याने फोनवर सांगितले. नावे ४८ आहेत, त्याने दोनदा मोजली.

जय हिंद!